भट्टीचा डक्ट आणि आपला डक्ट कूलर: एअर फिल्टर नक्की कुठे लावायचा?

जालन्यात 'भट्टी' म्हटलं की एमआयडीसीतली स्टीलची भट्टी डोळ्यांसमोर येते. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळई करायची. अमेरिकेत किंवा कॅनडात 'फर्नेस' म्हणजे मात्र घर गरम करणारं यंत्र. ते बहुतेक वेळा तळघरात असतं आणि पत्र्याच्या डक्टमधून घरभर गरम हवा पाठवतं. त्या डक्टमध्ये एक एअर फिल्टरही असतो.

आपल्याकडे घर गरम करायची गरज नाही, थंड करायची आहे. पण डक्ट आपल्याकडेही आलाय. जुना जालन्यात गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना खेटून, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. खिडकीत कूलर बसवायला जागा नाही, म्हणून कूलर गच्चीवर ठेवतात आणि डक्टने हवा खाली खोल्यांत आणतात. पुढचा प्रश्न ओघानेच येतो: "डक्ट आहेच, तर त्यात एक चांगला फिल्टर बसवला की धूळही थांबेल ना?"

मलाही असंच वाटलं होतं. बाबांना दमा आहे. अमेरिकेतल्या मावसभावाने त्याच्या फर्नेसचा फिल्टर व्हिडिओ कॉलवर दाखवला. मी तसाच मर्व्ह १३ चा फिल्टर मागवला आणि कूलरच्या पॅडवर बांधला. दोन तासांत बाबांचा आवाज: "अरे, हवाच येईना!" जाळीसमोर धरलेला कागद हलत नव्हता. हवेतले कण मोजणारा छोटा सेन्सर होता माझ्याकडे. त्यावर खोलीतलं आणि गच्चीवरचं रीडिंग जवळजवळ सारखंच. म्हणजे गारवा गेला आणि धूळ तशीच राहिली.

चूक फिल्टरची नव्हती, समजण्यात होती. ती काय होती ते आधी बघू, मग डक्ट आणि फिल्टर कसे बसवायचे ते बघू.

फर्नेसची हवा गोल फिरते, कूलरची सरळ निघून जाते

फर्नेस बाहेरची हवा ओढत नाही. खोलीतलीच हवा रिटर्न डक्टमधून परत येते, फिल्टरमधून जाते, ब्लोअर ती ढकलतो, ती गरम होते आणि पुन्हा खोल्यांत जाते. समजा २,००० चौरस फुटांचं, ८ फूट उंचीचं घर आहे. आत १६,००० घनफूट हवा. ब्लोअर मिनिटाला १,२०० घनफूट हवा हलवत असेल, म्हणजे १,२०० सीएफएम, तर तासाला ७२,००० घनफूट. तीच हवा तासात साधारण साडेचार वेळा फिल्टरमधून जाते. एका फेरीत अर्धेच कण अडकले तरी पुढच्या फेऱ्यांत उरलेले सापडतात.

कूलरचं उलट आहे. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो, खोलीत सोडतो आणि ती हवा खिडकीतून बाहेर जायलाच हवी. नाही गेली तर दमटपणा साठतो आणि गारवा संपतो. म्हणजे प्रत्येक घनफूट हवेला फिल्टरची एकच संधी मिळते, आणि हवा फर्नेसपेक्षा कितीतरी जास्त लागते.

आधी हवेचा हिशोब

कूलरसाठी खोलीतली हवा तासाला २० ते ४० वेळा बदलावी असा ढोबळ नियम आहे. आपण ३० धरू.

- हॉल १२ × १५ × १० फूट = १,८०० घनफूट, म्हणून ९०० सीएफएम
- बेडरूम १२ × १० × १० फूट = १,२०० घनफूट, म्हणून ६०० सीएफएम
- एकूण १,५०० सीएफएम

दुकानात कूलरचा आकडा बहुतेक वेळा घनमीटर प्रति तास असा दिलेला असतो. १ सीएफएम म्हणजे साधारण १.७ घनमीटर प्रति तास. म्हणजे आपल्याला २,५५० च्या आसपासचा कूलर लागेल. बॉक्सवरचा आकडा डक्ट न जोडता काढलेला असू शकतो, त्यामुळे थोडा मोठाच घ्या.

गारवा किती मिळेल? मे महिन्यात बाहेर ४१ डिग्री आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या बल्बचं तापमान सुमारे २३ डिग्री येतं. चांगलं हनीकोम पॅड या दोन तापमानांतला ८० टक्के फरक भरून काढतं. म्हणजे ४१ मधून १८ चे ८० टक्के वजा करा, हवा २६ ते २७ डिग्रीला बाहेर पडते. पावसाळ्यात ३२ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हाच कूलर जेमतेम ३-४ डिग्री उतरवतो. त्यात कूलर खराब झालेला नसतो, हवेतच पाणी जास्त असतं.

पाण्याचाही हिशोब करा. वरच्या उदाहरणात तासाला साधारण १७ लिटर पाणी उडून जातं. आठ तास चालवला आणि खारं पाणी थोडं थोडं सोडून दिलं तर दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास जातं. नळ रोज येत नसलेल्या गावात हा आकडा कूलर घ्यायच्या आधी माहीत असावा.

डक्ट बसवताना

१. ब्लोअरवाला कूलर घ्या. साध्या कूलरमधला पात्यांचा पंखा मोकळ्या हवेत भरपूर हवा देतो, पण पुढे अडथळा आला की लगेच हरतो. डक्टला पिंजऱ्यासारखा गोल ब्लोअरच लागतो.

२. डक्टचा आकार. सीएफएमला वेगाने भागलं की क्षेत्रफळ मिळतं. मुख्य डक्टमध्ये मिनिटाला १,००० फूट वेग धरला तर १,५०० सीएफएमसाठी दीड चौरस फूट, म्हणजे १२ × १८ इंच. फांद्यांमध्ये ८०० फूट वेग धरा: हॉलला १२ × १४ इंच, बेडरूमला ९ × १२ इंच. "लहान डक्ट चालेल, पत्रा वाचेल" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. क्षेत्रफळ अर्धं केलं की वेग दुप्पट होतो आणि दाबाचं नुकसान किमान चौपट. वर शिट्टीसारखा आवाज येतो तो वेगळाच.

३. वळणं कमी ठेवा. काटकोनी वळण टाळा, गोलाई द्या. ते जमत नसेल तर वळणात आतून पत्र्याच्या वक्र पट्ट्या बसवून घ्या.

४. पत्रा आणि जोड. जीआय पत्रा, २४ किंवा २६ गेज. जोड अॅल्युमिनियम टेपने बंद करा, साधी चिकटपट्टी उन्हात सुटते. कूलर आणि डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा तुकडा ठेवा, म्हणजे थरथर घरात उतरत नाही.

५. उन्हातल्या भागाला इन्सुलेशन. गच्चीवरचा उघडा पत्रा दुपारी तापतो आणि कमावलेला गारवा वाटेतच जातो. नायट्रिल रबर गुंडाळा आणि त्यावर ऊन परतवणारं आवरण घाला.

६. उतार कूलरकडे. पाण्याचे थेंब डक्टमध्ये आले तर ते खोलीत न येता मागे जायला हवेत.

७. वजन बघा. जुन्या वाड्यांवर अजून माळवद आहे. १०० लिटरच्या टाकीत १०० किलो तर नुसतं पाणीच असतं, यंत्र वेगळं. माळवदाच्या मध्यावर कूलर ठेवू नका. भिंतीवर टेकलेल्या लोखंडी स्टँडवर ठेवा, आणि आधी गवंड्याला दाखवा.

८. बाहेर जायची वाट. दर १,००० सीएफएमला साधारण २ चौरस फूट उघडी जागा लागते. आपल्या उदाहरणात दोन्ही खोल्या मिळून ३ चौरस फूट. जाळीच्या समोरच्या बाजूची खिडकी उघडा, म्हणजे हवा खोली ओलांडून जाते.

आता फिल्टर

मर्व्ह हे फिल्टरच्या क्षमतेचं अमेरिकन माप आहे. मर्व्ह ८ हा ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण अडवतो, म्हणजे धूळ आणि परागकण. मर्व्ह १३ हा ०.३ ते १ मायक्रॉनचेही किमान ५० टक्के अडवतो. धुराचे बारीक कण याच आकाराचे असतात. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आणि दम्याच्या माणसाला त्यांचा त्रास जास्त.

पण फिल्टर जितका बारीक, तितका अडथळा मोठा. एक इंच जाडीचा मर्व्ह १३ मिनिटाला ३०० फूट वेगाला, नवा असतानाच, ५० ते ७५ पास्कल दाब खाऊ शकतो. मळला की आणखी. अमेरिकेतल्या फर्नेसचा ब्लोअर साधारण १२५ पास्कल बाहेरचा दाब धरून ठरवलेला असतो आणि त्यात डक्टचा अडथळाही आला. म्हणून तिथेही फार बारीक किंवा मळलेला फिल्टर लावला की हवा कमी पडते, आतला भाग जास्त तापतो आणि सुरक्षा स्विच भट्टी बंद करतो.

माझ्या कूलरवर दोन गोष्टी झाल्या. ब्लोअरला एवढा दाब झेपला नाही. आणि फिल्टरच्या कडेला फटी होत्या, त्यामुळे जी थोडी हवा आली ती फटीतून आली. फटीतून आलेली हवा फिल्टर झालेली नसते, मग मर्व्ह १३ असो की ३०.

कूलरवर काय चालतं:

- बाहेरच्या बाजूला धुता येणारी बारीक जाळी. कापूस, पिसं, भुसा, जाडी धूळ थांबते. आठवड्याला धुवा.
- ब्लोअर दमदार असेल तर मर्व्ह ८ पर्यंत, तेही मोठ्या क्षेत्रफळात. १,५०० सीएफएमला ३०० फूट वेगाने ५ चौरस फूट फिल्टर लागतो, म्हणजे २० × २० इंचाचे दोन. चौकटीला चारही बाजूंनी फोम पट्टी लावा.
- फिल्टर नेहमी पॅडच्या आधी, कोरड्या बाजूला. पॅडनंतर लावला तर तो ओला होतो, तुंबतो आणि त्यावर बुरशी धरते. दम्याच्या घरात बुरशी हे नवं दुखणं.

ओलं पॅड स्वतः जाडी धूळ बऱ्यापैकी पकडतं. पण ते बारीक कणांचा फिल्टर नाही, हे लक्षात ठेवा.

मग दम्याच्या माणसाने काय करायचं?

"कूलर चालू ठेवून खोलीत एअर प्युरिफायर लावू" हा पुढचा विचार. गणित करून बघू. कूलर तासाला ३० वेळा बाहेरची हवा आणतो, प्युरिफायर तासाला ५ वेळा हवा साफ करतो. खोलीत बाहेरच्या तुलनेत ३० भागिले ३५, म्हणजे ८६ टक्के कण राहतात. फायदा फक्त १४ टक्के. आता कूलर बंद, खिडक्या बंद, फटींतून तासाला अर्ध्या वेळा हवा येते असं धरा. ०.५ भागिले ५.५, म्हणजे ९ टक्केच कण राहतात. प्युरिफायर तोच, फरक फक्त खिडकीचा.

वरच्या बेडरूमसाठी तासाला ५ वेळा म्हणजे १०० सीएफएम. प्युरिफायरवर सीएडीआर १७० घनमीटर प्रति तास किंवा जास्त लिहिलेलं बघा. खरं तर फर्नेसचं तत्त्व आपल्या घरात इथे लागू होतं: बंद खोली, तीच हवा, पुन्हा पुन्हा फिल्टरमधून.

सुदैवाने दोन्ही गरजा सहसा एकाच वेळी येत नाहीत. आपल्या भागात पीएम २.५ सहसा हिवाळ्यात चढतं, कारण थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूर वर जात नाही. तेव्हा कूलर बंदच असतो. उन्हाळ्यातली धूळ जास्त करून जाडी असते, तिच्यावर जाळी आणि ओलं पॅड बरंच काम करतात. जालना राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे, त्यामुळे हिवाळ्याचा भाग हलक्यात घेऊ नका. भारताचं पीएम २.५ चं २४ तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५.

आमच्या घरी आता असं चालतं:

- एप्रिल ते जून, दुपारी: कूलर चालू, समोरची खिडकी उघडी. ४२ डिग्रीत धुळीच्या भीतीने वयस्कर माणसाला बंद खोलीत ठेवणं जास्त धोक्याचं.
- वावटळ सुटली किंवा शेजारी कचरा जळत असला तर: तेवढा वेळ कूलर बंद, खिडक्या बंद, पंखा आणि प्युरिफायर चालू.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: रात्री खिडक्या बंद, प्युरिफायर चालू. डक्टच्या जाळ्या झाकून ठेवायच्या, नाहीतर गच्चीवरची धूळ आपोआप खाली येते.
- सीझन संपला की: टाकी रिकामी, पॅड कडक उन्हात वाळवून, डक्टचं तोंड बंद.

औषध आणि इनहेलर डॉक्टर सांगतील तसेच. फिल्टर त्यांची जागा घेत नाही.

मर्व्ह १३ चा तो फिल्टर मी फेकला नाही. पुठ्ठ्याच्या चौकटीत नीट बसवून एका छोट्या पंख्याच्या मागे लावलाय, आणि तो बाबांच्या खोलीत हिवाळ्यात रात्रभर चालतो. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी चार फिल्टर आणि एक पंखा जोडून असाच खोका लोकप्रिय केला. माझा एकाच फिल्टरचा आहे, पण सकाळी खोलीतलं रीडिंग गच्चीपेक्षा खाली असतं, आणि हवा येईना म्हणून बाबांची हाक येत नाही.