हैज नाही, तर मग काय?

पाळी जाऊन आठ-दहा वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्त जाऊ लागलं, की मलकापूर-मेहकरकडच्या मुस्लिम घरात पहिला प्रश्न निघतो तो नमाज-रोज्याचा. त्याच्या उत्तराचा धागा फार जुना आहे. फातिमा बिंत अबी हुबैश यांचं रक्त थांबत नव्हतं. नमाज सोडू का, असं त्यांनी प्रेषितांना विचारलं. हे हैज नव्हे, रगेतून येणारं रक्त आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. फिकहमध्ये अशा रक्ताला इस्तिहाजा म्हणतात. त्यात नमाज सुटत नाही. मौलाना एवढं सांगतात आणि बाई निर्धास्त होते. पण इबादतीचा प्रश्न सुटला म्हणून आजाराचा सुटत नाही. हैज नाही, तर मग हे रक्त कशाचं?

कारणं बरीच असतात, गर्भाशयाचा कर्करोगही त्यात आला. एक कारण मात्र दुर्मीळ आहे आणि त्याचा शोध लागायला पाऊणशे वर्षं गेली.

व्हिएन्नाच्या कार्ल रोकितान्स्की यांनी 1855 मध्ये बीजकोशातल्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीचं वर्णन केलं. त्यांना दिसली ती नुसती गाठ; बीजकोश रक्तात काही सोडतो, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्याच शहरात 1896 मध्ये एमिल क्नाउअर यांनी सशिणीचे बीजकोश काढून तिच्याच शरीरात दुसरीकडे बसवले, तर गर्भाशय आक्रसलं नाही. 'हॉर्मोन' हा शब्द 1905 चा, स्टार्लिंग यांचा. 1923 मध्ये अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी यांनी डुकरिणीच्या बीजकोशातल्या द्रवात स्त्री-हॉर्मोन दाखवलं. तेव्हा कुठे उलगडलं, की ही गाठ स्वतःच इस्ट्रोजेन बनवते. त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं आणि रक्त जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलीला ती झाली तर त्या वयात छाती वाढते, पाळीसुद्धा येते.

उलटा प्रकारही आहे. बर्लिनच्या रॉबर्ट मायर यांनी 1930 च्या आसपास पुरुषी हॉर्मोन बनवणाऱ्या गाठी वेगळ्या ओळखल्या. पाळी बंद, आवाज घोगरा, हनुवटीवर केस. आपल्याकडे अशा बाईची टिंगल होते, नाहीतर बाहेरचं लागलं म्हणून ताईत बांधला जातो. सोनोग्राफी राहून जाते.

यात मुंबईचाही एक तुकडा आहे. परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत डॉ. ए. आर. शेठ आणि सहकारी इनहिबिन या हॉर्मोनच्या मागे होते. 1984 मध्ये वीर्यातल्या ज्या प्रथिनाची रचना त्यांनी परदेशी शास्त्रज्ञांसोबत मांडली, ते पुढे वेगळंच निघालं. विज्ञानात हे चालतंच. खरं इनहिबिन बीजकोशातल्या द्रवातून हाती आलं आणि ग्रॅन्युलोसा गाठीत ते रक्तात वाढतं, हे 1989 मध्ये डच डॉक्टरांनी दाखवलं. आज त्याच तपासणीवर रुग्णाची पाळत ठेवतात.

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गाठ एकाच बीजकोशात असेल आणि बाई तरुण असेल, तर दुसरा बीजकोश आणि गर्भाशय बहुधा राखता येतं. मूल होण्याची आशा राहते. अस्तराचा तुकडाही तपासावा लागतो. पसरलेल्या गाठीला केमोथेरपी. लवकर सापडलेल्या बहुतेक बायका बऱ्या होतात.

मात्र ही गाठ दहा, कधी वीस वर्षांनीही परत येते. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. मलकापूर किंवा शेगावहून गाडी धरून मुंबईला, 1941 पासून चालू असलेल्या टाटा रुग्णालयात जाणं म्हणजे मजुरी बुडवणं. टाके वाळले, की फेऱ्या थांबतात. तरी निदान पॅथॉलॉजीचा तो कागद घरात जपून ठेवायला हवा. वीस वर्षांनी पोट फुगलं, तर नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तोच लागेल.