यमूची गोष्ट आणि आजीच्या अल्बममधला फोटो

एरवी आपण किल्ले, लढाया, तह यांवर बोलतो. आज एका कादंबरीबद्दल बोलायचंय: ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?'. स्पॉयलर येणार आहेत, पण गोष्ट एकशे तीस वर्षं जुनी आहे, तेव्हा समजून घ्या.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी ही वाचली. इंटर्नशिपसाठी रोज नेरुळहून सीएसएमटीला जायचो, आणि फोनचा डेटा दुपारपर्यंत संपायचा. आजीच्या कपाटातलं हे जाडजूड पुस्तक मी निव्वळ टाइमपास म्हणून बॅगेत टाकलं होतं.

आपट्यांनी 1890 मध्ये पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं छापली. म्हणजे वाचकांना पुढच्या एपिसोडची वाट बघावी लागायची. लेखक तेव्हा 26 वर्षांचा, आणि गोष्ट सांगते कोण, तर यमू. 'मी' म्हणून, स्वतःच्या तोंडानं. एका पुरुषानं हे लिहिलंय हे मी दहा-बारा पानांतच विसरून गेलो.

सुरुवात तर चक्क मजेशीर आहे. भावंडांची भांडणं, घरातले रुसवे-फुगवे. मग लग्न, सासर. नवरा चांगला निघतो, तिला शिकवतो, दोघं मुंबईला येतात. मला वाटलं, चला, सुटली बिचारी! आणि मग तो जातो. सासरची माणसं यमूचं जबरदस्तीनं केशवपन करवतात. हे वाचत होतो तेव्हा गाडी वाशीच्या खाडीपुलावर होती. मी पुस्तक मिटलं आणि मानखुर्द येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. शेजारचे काका "बरं वाटत नाही का?" म्हणून विचारायला लागले.

आता इतिहास बघा. 'करमणूक' सुरू झालं त्याच 1890 साली मुंबईत नाभिक समाजाची सभा झाली. नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं तिथं ठरलं. ज्यांची रोजीरोटी वस्तऱ्यावर, त्यांनी हे ठरवलं! पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं वय 10 वरून 12. फक्त 12! तरी त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला, टिळक विरोधात होते. या सगळ्या वादात सभा, अग्रलेख, भाषणं भरपूर. पण जिच्याबद्दल वाद चाललाय, त्या घरातल्या मुलीचा आवाज जवळपास नाहीच. आपट्यांनी तो आवाज वाचकाच्या घरात नेऊन सोडला. माझ्या मते कादंबरीची खरी ताकद ही आहे, रडवण्यात नाही.

पुस्तक संपवलं त्या रात्री आजीनं तिच्या माहेरचा अल्बम काढला. वाईच्या वाड्यातला एक ग्रुप फोटो. कोपऱ्यात डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली एक बाई. आजीची आत्या, बाराव्या वर्षी विधवा झालेली. फोटोत लुगडं काळं दिसतं. आजी म्हणाली, "काळं नव्हे रे, तांबडं आलवण होतं ते." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पदर सरकला की आम्ही पोरं हसायचो तिच्या डोक्याला. मीसुद्धा."

मी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

आजीला आठवेना. सगळे नुसतं 'सोवळी आत्या' म्हणायचे.

दोन दिवसांनी सकाळी चहा गाळता गाळता तिला एकदम नाव आठवलं. गॅस तसाच चालू ठेवून मला हाक मारत आली. ते नाव मी पेन्सिलनं फोटोच्या मागे लिहून ठेवलंय.

पुढच्या एपिसोडमध्ये रखमाबाईंचा खटला. आणि तुमच्याही घरी असा एखादा अल्बम असेल, तर मला नक्की कळवा.