तळटीप : रानउंदरांच्या पिसवा

१. रानउंदरांच्या पिसवा : पिसू दोन्ही बाजूंनी चपटी असते आणि तिच्या अंगावरचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे उंदराच्या दाट केसांतून ती सरसर पुढे सरकते आणि सहजी चिमटीत सापडत नाही. अंगावर दिसते ती केवळ प्रौढ पिसू. अंडी बिळात गळतात. अळ्या तिथल्या केरकचऱ्यावर आणि पिसवांच्या रक्तमिश्रित विष्ठेवर वाढतात. उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवले. त्याच वर्षी प्लेग म्हैसूर संस्थानात शिरला. या साथीनंतर १९०३मध्ये म्हैसूर शहराच्या दाट वस्त्या सुधारण्यासाठी नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दक्षिण भारतात प्लेगचे जंतू घराबाहेर टिकतात ते मुख्यतः माळावर बिळे करणाऱ्या टॅटेरा इंडिका या उंदरात. त्याच्यावर झेनोप्सिला ॲस्टिया ही पिसू आढळते. घरातल्या उंदरांवरची झेनोप्सिला किओपिस प्लेगवाहक म्हणून तिच्याहून घातक. म्हैसूरजवळच्या बंदीपूर परिसरात २०१२-१३मध्ये आढळलेला, आणि सिंधुदुर्गात २०१६मध्ये फैलावलेला माकडताप मात्र पिसवांमुळे नव्हे, गोचिडांमुळे होतो. — संपा.