शब्द-परिचय : ‘बंद’

बार्शीटाकळीत दुकान बंद असतं, नळ बंद असतो, फोन बंद लागतो आणि संघटना बंद पुकारते. शब्द एकच. पण हा शब्द कुणाच्या हातात आहे, यावर त्याचा अर्थ फिरतो, म्हणून आम्ही तो इथं उलगडून पाहतो.

मराठीत ‘बंद’ फारसीतून आला. फारसीत ‘बस्तन’ म्हणजे बांधणं, त्याचंच रूप ‘बंद’. संस्कृत ‘बन्ध्’ हा त्याचा सख्खा भाऊ. म्हणजे मूळ अर्थ बांधणं, दार लावणं हा नंतरचा. बाराबंदीचे बंद म्हणजे गाठ मारायच्या नाड्याच. ‘बंदा’ म्हणजे सेवक, तोही बांधलेलाच माणूस. शेताचा ‘बांध’ याच घरातला, आपण वऱ्हाडात त्याला धुरा म्हणतो ही गोष्ट वेगळी. आणि बंदच्या दिवशी चौकात जो ‘बंदोबस्त’ लागतो, त्यात तर बांधण्याची क्रिया दोनदा आली आहे! पालीतही ‘बन्धन’ आहे. ध्यानात मनाला अडवणाऱ्या पाच गोष्टींना मात्र ‘नीवरण’ हा वेगळा शब्द आहे.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला हा शब्द ‘बंदी’ होऊन आला. रोटीबंदी, बेटीबंदी, स्पर्शबंदी. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीकडे बंदिस्त झालेला वर्ग म्हणून पाहिलं आणि हे कोंडणं बेटीबंदीनं होतं, असं मांडलं. एका गटानं स्वतःला आत कोंडून घेतलं की उरलेले आपोआप बाहेर पडतात. १९२७ मध्ये महाडचं तळं, त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिराचा प्रश्न, २ मार्च १९३० ला नाशिकचं काळाराम मंदिर. लढा प्रत्येक ठिकाणी दुसऱ्यांनी बंद केलेलं उघडण्यासाठी होता.

पुढे हाच शब्द बाहेर ठेवलेल्यांनी हत्यार म्हणून उचलला. भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतर ॲड. प्रकाश आंबेडकरांनी ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंदची हाक दिली, ती आपल्या पिढीच्या आठवणीत आहे. या अर्थाचा जुना शब्द ‘हरताळ’. हाट म्हणजे बाजार आणि ताळा म्हणजे कुलूप, यातून तो बनला. ‘हरताळ फासणे’ मधला हरताळ मात्र वेगळा. तो पिवळा खनिज रंग. पोथीतलं चुकलेलं अक्षर त्यानं पुसत.

आता खरा मुद्दा. मराठीत बंद पुकारतात, पाळतात आणि पाडतात. ‘पाळणे’ दुकानदाराच्या मर्जीचं, ‘पाडणे’ आपल्या जोराचं. न्यायालयंही नेमकी इथंच रेघ ओढतात. १९९७ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं जबरदस्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला, हरताळ आणि संप त्यापासून वेगळे धरले. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी तो निकाल कायम केला. ३० जुलै २००३ च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं २००४ मध्ये शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाख रुपये भरायला लावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणावरचा महाराष्ट्र बंदही याच न्यायालयानं आदल्या दिवशी रोखला.

पक्ष दंड भरू शकतो. पोराच्या अंगावर गुन्हा दाखल झाला, की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढ्यात येतो. त्यामुळं पुढच्या वेळी पत्रक छापायला देताना आम्ही पहिल्यांदा क्रियापद पाहणार आहोत.