तबल्याचे मालक
३. डॅनी मायर : जन्म १९५८, सेंट लुइस. वकिलीचा बेत सोडून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९८५ मध्ये, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘युनियन स्क्वेअर कॅफे’ काढलं. पुढे जगभर पसरलेल्या ‘शेक शॅक’ या बर्गरसाखळीचं मूळ मात्र २००१ साली मॅडिसन स्क्वेअर पार्कात लावलेल्या हॉट डॉगच्या गाडीत आहे.

प्रस्तुत उल्लेख त्यांच्या ‘तबला’ या रेस्टॉरंटचा (१९९८–२०१०). भारतीय मसाल्यांना तिथे अमेरिकी पानात मानाची जागा मिळाली, त्याचं श्रेय मालकाइतकंच, किंबहुना अधिक, मुंबईत जन्मलेल्या शेफ फ्लॉइड कार्डोझ यांचं.

स्वयंपाकघरातल्यांनाही बरा पगार मिळावा म्हणून मायर यांनी २०१५ मध्ये टिपची प्रथा बंद करायला घेतली. विचार रास्त होता. २०२० मध्ये तो गुंडाळावा लागला.