दोन गहाणे : सिनेमा, पैसा आणि आपण

भारतीय सिनेमाच्या इतिहासात दोन गहाणे आहेत. पहिले 1912 चे. दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला, लंडन गाठले, कॅमेरा आणला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही याच कामी गेले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्यावर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा निघाला आणि फाळक्यांच्या नावाने देशातला सर्वात मोठा चित्रपट पुरस्कार दिला जातो.

दुसरे गहाण डिसेंबर 1956 चे. ते नामदेव व्हटकरांनी टाकले. हे नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

त्या गहाणाकडे येऊच. आधी हे सांगितले पाहिजे की आम्ही मोर्शीची माणसे सिनेमाचा इतिहास का लिहायला बसलो. चळवळीतल्या काही ज्येष्ठांना सिनेमा म्हणजे चैन वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. सिनेमाचे वेड आम्हाला आहे आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. आपल्या आईवडिलांनी कापूस वेचून मिळालेल्या मजुरीतून तिकिटे काढली आहेत. बहिरमच्या जत्रेत तंबूतल्या टुरिंग टॉकीजसमोर जमिनीवर बसून सिनेमे पाहिले आहेत. पिटातल्या प्रेक्षकाची नेहमी थट्टा होते. तो शिट्ट्या मारतो, नाणी फेकतो, त्याला कला कळत नाही. पण सर्वात पुढे बसणाऱ्या या स्वस्त तिकीटवाल्यांनीच हा धंदा तोलून धरला. ज्याचा पैसा, त्याने हिशेब मागायचा नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आणि कापसाचे म्हणाल तर सिनेमाची फीतसुद्धा कापसातून निघाली. सुरुवातीची फिल्म ज्या सेल्युलॉइडची बनत असे, ते कापसाच्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तयार होई. 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीत कापसाचे कोठार बनला. रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंग आले, पेढ्या उभ्या राहिल्या. वेचणारी बाई मात्र वजनावर मजुरी मोजत राहिली. आज मोर्शी-वरूडचे नाव संत्र्याने होते, पण गणित फारसे बदललेले नाही. फळ झाडावर असतानाच व्यापारी बगीचा विकत घेतो, तोडणी मजूर करतो आणि भाव तिसरीकडे ठरतो. सिनेमाचा धंदाही अगदी असाच चालत आला आहे. निर्मात्याकडून वितरक एका प्रदेशाचे हक्क ठरावीक रकमेला घेतो, म्हणजे बहारच विकत घेतो म्हणा ना. आपल्या भागाला हिंदी सिनेमाच्या धंद्यात अजूनही 'सी.पी. बेरार' म्हणतात. तो प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षे झाली, पण वितरकांच्या वहीत तो जिवंत आहे. सरकारे बदलतात, वसुलीचे खाते बदलत नाही.

मुळात आपल्या इतिहासाची सुरुवात थिएटरात प्रेक्षक म्हणून झालेलीच नाही. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. विषय होता अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह. तिथेच त्यांना थोरले बंधू बळीराम यांच्या निधनाची तार मिळाली. ज्या समाजाला देवळात जागा नव्हती, तो नाटकगृह भाड्याने घेऊन आपल्या हक्काचे ठराव मांडत होता. मंदिराचा दरवाजा जन्म पाहून उघडायचा; थिएटरचा दरवाजा भाडे भरले की उघडत होता. पैशाच्या बाजारात एवढी तरी फट होती आणि ती आपल्या लोकांनी बरोबर हेरली. त्याच सुमारास केरळात पी. के. रोझी या दलित तरुणीने 'विगतकुमारन' या पहिल्या मल्याळी चित्रपटात नायर स्त्रीची भूमिका केली. सवर्णांनी तिला गाव सोडून पळून जायला लावले. म्हणजे भाडे भरून आत बसणे चालून गेले. पडद्यावर उच्च जातीची स्त्री म्हणून दिसणे चालले नाही.

आता पडद्यावर काय होते ते पाहू. 'राजा हरिश्चंद्र'ची कथा आपण नीट पाहत नाही. सत्यासाठी राजा सगळे गमावतो आणि शेवटी काशीच्या स्मशानात डोंबाचा चाकर होतो. हा त्याच्या छळाचा कळस. राजाने प्रेते जाळण्याचे काम केले की प्रेक्षकाच्या डोळ्यात पाणी येते आणि देव प्रकट होतात. ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यानपिढ्या तेच काम केले, त्याच्यासाठी मात्र कोणी प्रकट होत नाही, कारण त्याचे तर ते नेहमीचेच! भारतीय सिनेमाने पहिल्याच पावलावर ठरवून टाकले की दुःख कोणाचे मोजायचे.

1936 साल तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलना'चे न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. ब्राह्मण मुलगा, अस्पृश्य मुलगी, आणि शेवटी ती मुलगी रेल्वेच्या फाटकाजवळ जीव देते. आणि त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात करमणूक कराचा कायदा झाला. म्हणजे आपली मुलगी पडद्यावर मरते, ते पाहून आपण रडतो, आणि त्या रडण्यावर सरकार कर घेते! पुढे 1959 मध्ये बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त नायिका मरत नाही, पण पाळणाऱ्या आईला रक्त दिल्यावरच तिला घरात खरी जागा मिळते. सिनेमा चांगला आहे, नूतनने काम अप्रतिम केले आहे, हे आम्ही मान्य करतो. पण स्वीकारले जाण्याची किंमत दर वेळी आपल्याच अंगातून का वसूल होते, एवढा प्रश्न विचारायला सिनेमाचे प्रेम आड येत नाही.

अपवाद झाला तो 1954 मध्ये. आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला. जानेवारीत झालेल्या मुहूर्ताला बाबासाहेब हजर होते. बाबुराव पेंढारकरांनी जोतीराव आणि सुलोचनाबाईंनी सावित्रीबाई साकारल्या. आणि आम्हा वऱ्हाडी माणसांना अभिमान वाटावा असे म्हणजे त्यात गाडगेबाबांचे कीर्तन आहे. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावच्या परीट घरात जन्मलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस कुठल्याही नटाच्या मध्यस्थीशिवाय स्वतः पडद्यावर आला. याच गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली होती. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक 'महात्मा फुले'ला मिळाले. तरी अत्रे म्हटले की लोकांना आधीच्या वर्षीचा 'श्यामची आई' आठवतो. आई सगळ्यांनाच हवी असते. जोतीराव हवेच असतात असे नाही.

आता ते दुसरे गहाण.

6 डिसेंबर 1956 ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले. 7 तारखेला राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत लाखोंचा सागर चालला. वऱ्हाडातून मिळेल त्या गाडीने निघालेली माणसे त्यात होती. बरीच वेळेवर पोहोचलीच नाहीत. त्या दिवशी लेखक आणि चित्रपट दिग्दर्शक नामदेव व्हटकरांनी ठरवले की ही यात्रा कॅमेऱ्यात आली पाहिजे. पैसा नव्हता. तेव्हा कच्ची फिल्म देशात तयार होत नव्हती. उटीचा सरकारी कारखाना 1960 नंतरचा. फूट न् फूट परदेशातून यायची आणि त्या भावाने विकली जायची. व्हटकरांनी गहाण टाकून पैसा उभा केला, कॅमेरा आणि माणूस मिळवला आणि चित्रीकरण केले. आज दर 6 डिसेंबरला आपल्या मोबाइलवर जी हलती दृश्ये येतात, ती गर्दी, तो फुलांनी भरलेला ट्रक, ती त्या गहाणातून आली आहेत.

इथे थोडे थांबून हिशेब मांडू. 1948 पासून केंद्र सरकारचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग होता. प्रत्येक थिएटरला सिनेमाआधी सरकारी बातमीपट दाखवणे सक्तीचे होते आणि त्याचे भाडे थिएटरवाल्याला भरावे लागे. थिएटरवाला ते कुठून भरणार? तिकिटातून. म्हणजे थिएटरात शिरणारा प्रत्येक मजूर सरकारी कॅमेऱ्याचा खर्च उचलत होता, वर करमणूक कर वेगळा. देशाच्या राज्यघटनेचा शिल्पकार गेला, तेव्हा या पैशावर पोसलेली एवढी मोठी यंत्रणा उभी होती. तरीही त्या दिवसाची आठवण आपल्या हाती आली ती एका माणसाच्या कर्जातून. फाळक्यांचे गहाण धाडस ठरले, व्हटकरांचे गहाण कोणाच्या स्मरणातही राहिले नाही. दोघांनीही घर धोक्यात घालूनच कॅमेरा चालवला होता.

सरकारने पैसा दिला तेव्हा काय झाले? जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' सरकारी पैशातून बनला आणि 2000 मध्ये आला. इंग्रजीत केलेला, अभ्यासून केलेला सिनेमा. मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तमिळ आवृत्ती दहा वर्षे रखडली, न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे 2010 च्या अखेरीस ती पडद्यावर आली. सिनेमा बनवायला अनुदान मिळते. तो थिएटरात लावण्याची इच्छाशक्ती अनुदानात येत नाही.

नागराज मंजुळेंनी हे गणित उलटवले असे म्हणतात. 'फँड्री'त डुक्कर खांद्यावर घेऊन जाणाऱ्या जब्यामागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि आपले गाडगेबाबा दिसतात. 1954 मध्ये कीर्तन करणारे गाडगेबाबा इथे भिंतीवरून फक्त बघत राहतात. ते दृश्य पाहून आम्हाला त्या रात्री जेवण गेले नाही. 2016 च्या 'सैराट'ने सुमारे चार कोटींच्या खर्चावर शंभर कोटींहून जास्त गल्ला केला, मराठीत पहिल्यांदाच. दिग्दर्शक आपला, नायक-नायिका खेड्यातली, तिकीट काढणारे आपण. भांडवल आणि वितरण मात्र मोठ्या कंपनीचे. बगीचा बहरला, हे आम्हाला आवडले. पण तो झाडावर विकला गेला होता, हेही विसरता येत नाही.

आणि 2025 मध्ये हिंदीत 'फुले' आला. जोतीरावांच्या जयंतीला, 11 एप्रिलला तो लागायचा होता. ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉर बोर्डाने जातींची नावे आणि पेशवाईचे उल्लेख बदलायला लावले आणि सिनेमा 25 एप्रिलला आला. 1954 च्या जोतीरावांना पदक, 2025 च्या जोतीरावांना कात्री. एकाहत्तर वर्षांत आपण पुढे गेलो की मागे, हे ज्याचे त्याने मोजावे.

1976 मध्ये श्याम बेनेगलांचा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केला, आणि मग तेच ट्रक भरभरून तो पाहायला गेले. जयंतीच्या वर्गणीचा अनुभव असलेल्या समाजाला हा मार्ग अवघड नाही. येत्या 6 डिसेंबरला मोर्शीत आम्ही व्हटकरांची ती दृश्ये मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत. सुरुवातीला त्यांचे नाव मोठ्या अक्षरात येईल. तिकीट नाही, दाराशी पेटी असेल, माणशी दोन रुपये. जमलेल्या पैशातून चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या घरातल्या, तेव्हा मुंबईला निघालेल्या आपल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी कॅमेऱ्यात नोंदवायच्या आहेत. कॅमेरा भाड्याचा असेल. हिशेब दुसऱ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर लागेल.