रबर, हसवणारा वायू आणि माझं एक्सेल

आमच्या देवळाली कॅम्पात रॉकेटचं कौतुक सांगायचं तरी कुणाला? स्कूल ऑफ आर्टिलरी इथलीच. फायरिंग असलं की तावदानं थरथरतात आणि आजी शांतपणे चहा गाळत राहते.

पाषाणला, म्हणजे पुण्यात घडलेलं पिनाक १९९९ साली कारगिलमध्ये वापरलं गेलं. ४४ सेकंदांत १२ रॉकेटं! पण त्यात इंधन आणि ऑक्सिडायझर एकत्रच मळलेले. एकदा पेटलं की थांबायचं नाव नाही.

हायब्रिडमध्ये दोघांचा संसार वेगळा. खाली नळीत घन रबर, वर टाकीत द्रवरूप नायट्रस ऑक्साईड (हो, दातांच्या डॉक्टरकडचा तोच हसवणारा वायू). झडप बंद केली की आग विझते. १७ ऑगस्ट १९३३ ला मॉस्कोजवळ कोरोलेव्हच्या गटाने घट्ट केलेलं पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर असं पहिलं रॉकेट सुमारे ४०० मीटर उडवलं. २००४ मध्ये रबर-नायट्रसवर स्पेसशिपवन १०० किलोमीटरच्या वर गेलं.

मग काय, मी आणि मित्राने एक्सेल उघडलं. "हायब्रिड म्हणजे एकदम सेफ" असं घरी मीच ठासून सांगितलं.

नंतर वाचलं. २६ जुलै २००७, मोहावी. स्पेसशिपवन बनवणाऱ्याच कंपनीत नुसता नायट्रस सोडून बघताना स्फोट झाला. इंधन नव्हतं, काही पेटवायचंही नव्हतं. तिघं गेले. हा वायू तापला तर एकटाच फुटून उष्णता सोडू शकतो. माझ्या एक्सेलमध्ये त्याचा कॉलमच नव्हता.

आता मित्र लांबून झडप उघडायचं सर्किट करतोय, आणि मी "लांब" म्हणजे किती मीटर ते काढतोय. सिलिंडर अजून आणलेला नाही.